सेल्फ घेते, स्टार्ट होत नाही

बाबांनी चावी फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. सेल्फ जोरात फिरला, बॉनेट थरथरलं, डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले आणि परत उजळले. इंजिन काही पकडलं नाही. बाबांनी चावी मागे घेतली, जरा थांबले, पुन्हा फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. पुढे ठणठणगोपाळ.

गॅरेजात दोनच माणसं होती, बाबा आणि बारकी, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघायचा धीर होत नव्हता.

बारकी म्हणजे बाबांची धाकटी. चाळिशीला टेकली, अंगाने चांगली दणकट, गाडीचं चाक एका हाताने उचलून बाजूला ठेवणारी, पण लहानपणी चिकटलेलं नाव गल्लीने काही सोडलं नाही. गॅरेज आता तीच चालवते. काम शिकवलं बाबांनी. शिव्याही बाबांनीच शिकवल्या.

आता तुम्ही म्हणाल, गाडी सेल्फ घेते आणि स्टार्ट होत नाही, यात एवढं काय आभाळ कोसळलं? गॅरेजच आहे ते, अशा गाड्या रोजच्याच. पण ही गाडी बंद पडून आलेली नव्हती हो. सकाळी ती गुण्यागोविंदाने चालत आली होती. बाबांनी तिचा टायमिंग बेल्ट बदलला, आणि बदलल्यावर ती मुकी झाली. आणि या एका बेल्टवर बाबांचं गॅरेजातलं सगळं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं.

झालं होतं असं. मध्यंतरी बाबांनी एका टॅक्सीचं ऑइल बदललं आणि खालचा नट नुसता हाताने फिरवून तसाच सोडला. पान्याने आवळायचं विसरले. टॅक्सीवाला भला माणूस, रस्त्यावर काळा पट्टा दिसताच थांबला, म्हणून इंजिन वाचलं. पण गोष्ट दादाच्या कानावर गेली. दादा म्हणजे बारकीचा थोरला भाऊ, विम्याच्या ऑफिसात नोकरीला. ज्या माणसाचा दिवस अपघातांची चित्रं बघण्यात जातो त्याला झोप कशी लागणार? तो धावत आला. म्हणाला, ‘‘बाबा, आज ऑइल होतं. उद्या ब्रेक असला तर?’’ आणि विसरणं काही त्या एका नटापुरतं नव्हतं. बाबा कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधायचे. तोच प्रश्न दोनदा विचारायचे. बारकी दोन्ही वेळा उत्तर द्यायची, जणू पहिल्यांदाच विचारलंय.

दादाने आपल्या घरातली वरची खोली रंगवून घेतली. बाबांनी बारकीचं घर सोडून तिथे राहायला यावं, आराम करावा, गॅरेजात पाऊल टाकू नये. बाबा ऐकतात थोडेच! अंगाचा नुसता तिळपापड झाला त्यांच्या. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘‘एक गाडी द्या मला. अवघड काम द्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी एकटा करणार. कुणी हात लावायचा नाही, वाकून बघायचंसुद्धा नाही. बरोबर निघालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. चुकलं तर त्याच दिवशी पाने खाली ठेवतो आणि येतो तुझ्या खोलीत भिंतीकडे बघत बसायला.’’

दादा कबूल झाला. बारकीनेही शब्द दिला, हात लावणार नाही, बघणार नाही.

आणि गाडी आली बेकरीवालीची. पहाटे पाव पोचवायची जुनी गाडी, इतकी जुनी की गॅरेजातलं तपासणीचं यंत्र तिच्याशी बोलतच नाही. बेल्ट बदलायला हवा होता. हे काम मोठं नाजूक असतं. इंजिनातलं वरचं चाक आणि खालचं चाक यांना तो बेल्ट बांधून ठेवतो. दोन्हींच्या खुणा अगदी समोरासमोर जुळायला हव्यात. एक दात इकडचा तिकडे झाला तर इंजिन सुरू होत नाही. जास्त चुकला तर आतले व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं पार भजं होतं. बाबांनी सकाळपासून एकट्याने काम केलं, हळूहळू, ओठ दाताखाली धरून. बारकी पलीकडे दुसऱ्या गाडीखाली झोपून कान देऊन ऐकत होती. पाना पडल्याचा आवाज झाला की तिच्या काळजात धस्स व्हायचं.

दुपारी बाबांनी झाकण लावलं, हात पुसले आणि चावी उठल्यावरच मारायची असं ठरवून, जेवून मागच्या खोलीत जरा आडवे झाले.

आणि इथेच बारकीने माती खाल्ली.

तिला राहवेना. इकडून तिकडे गेली, पाणी प्यायली, पुन्हा इकडे आली. खुणा जुळल्या नसल्या तर? नुसतं बघायला काय हरकत आहे? चुकलं असेल तर गुपचूप नीट करून ठेवू, म्हातारा सुखात राहील, कुणाला कळणार आहे? अशी स्वतःची समजूत काढत तिने झाकण काढलं. टॉर्च मारला. खुणा जुळल्या होत्या. नुसत्या जुळल्या नव्हत्या, केसाचा फरक नव्हता. बेल्टचा ताण हवा तितकाच. बारकीला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणीच आलं. तेवढ्यात मागच्या खोलीत खाट करकरली. तिने घाईघाईने झाकण परत बसवलं, बोल्ट आवळले, वायर जागच्या जागी खोचली आणि पळाली आपल्या गाडीखाली.

आणि आता ती गाडी सेल्फ घेत होती आणि स्टार्ट होत नव्हती.

‘‘काय झालं, बाबा?’’ बारकीने उगाचच विचारलं. काय झालं ते आंधळ्यालाही दिसत होतं.

‘‘पकडत नाही.’’

‘‘मी मारून बघू?’’

बाबा गाडीतून उतरले. बारकी बसली. तिने चावी फिरवली ती फिरवूनच धरली. घुर्रघुर्रघुर्रघुर्र. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘अगं बस कर! बस कर म्हणतो ना! खुणा चुकल्या असतील तर व्हॉल्व्ह वाकतील!’’

‘‘नाही वाकणार.’’

‘‘तुला काय माहीत?’’

बारकीने चावी सोडली. तिला माहीत होतं. जगात तिला एकटीलाच माहीत होतं. या गॅरेजात आज काही शंभर टक्के बरोबर असेल तर तो बेल्टच होता. पण सांगायचं कुठल्या तोंडाने? मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, तुम्ही झोपल्यावर चोरासारखं उघडून पाहिलं, म्हणून मला माहीत आहे, असं? ती म्हणाली, ‘‘म्हणजे... आवाजावरून वाटतंय.’’

‘‘आवाजावरून!’’ बाबा पुटपुटले आणि स्टुलावर बसले. मग लगेच उठले. मग पुन्हा बसले. ‘‘एक दात चुकला असेल,’’ ते स्वतःशीच म्हणत होते. ‘‘मी मोजला होता. मोजला होता ना मी?’’ हे ‘मोजला होता ना मी’ ते असं विचारायचे की बारकीला कानावर हात ठेवून पळून जावंसं वाटे. सांग की बाई! एका वाक्याचं तर काम होतं. पण ते वाक्य घशाशी यायचं आणि परत खाली जायचं.

तिने शोध सुरू केला. सांगून सवरून सुरू केला, ‘‘बाबा, तुमच्या कामाला हात लावत नाही हं, बाकीचं बघते,’’ असं म्हणून. चावी लावल्यावर मागच्या सीटखाली कान नेला. टाकीतला पंप गुणगुणत होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. एक प्लग काढून बॉडीला टेकवला आणि बाबांना सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी नाही. करंटच येत नव्हता.

आता करंट नाही म्हटल्यावर कुणीही मेकॅनिक आधी एका ठिकाणी जाईल. त्या झाकणाच्या अंगाला एक सेन्सर असतो. इंजिन फिरतंय, आता ठिणगी सोड, असं गाडीच्या कॉम्प्युटरला तोच सांगतो. तो गप्प बसला की कॉम्प्युटरही गप्प, मग बसा सेल्फ मारत. बारकीला हे पाठ होतं. पण सेन्सर त्या झाकणाजवळ, झाकण बाबांचं, आणि खोट तिथे सापडली तर बाबा गेले वरच्या खोलीत. तिथे शेवटचा हात आपलाच लागलाय, हे त्या भीतीत तिला सुचलंच नाही. म्हणून ही बाई ते एक ठिकाण सोडून जगभर शोधत होती. फ्यूज काढले, पुसले, लावले. रिले बदलून पाहिले. कॉइल तपासली. बॅटरीच्या तारा घासल्या. चावीतच काही बिघाड असेल म्हणून दुसरी चावी लावून पाहिली. बिघाड कुठेतरी इकडे निघू दे रे देवा, अशी तिची गत. कपाळावरचा घाम तिने ग्रीसच्या हाताने पुसला आणि तोंड काळं करून घेतलं.

ऊन उतरू लागलं तशी बेकरीवाली आली. ही बाई आली की गॅरेज भरल्यासारखं वाटतं. बोलण्यानेही आणि एरवीही.

‘‘झाली का माझी राणी?’’

बारकीने उत्तर म्हणून चावी फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र.

‘‘अगं बाई! माझे गुडघे सकाळी अगदी असंच करतात. आवाज भरपूर, उठणं काही नाही.’’ ती आपल्याच विनोदावर हसली. मग दोघांची तोंडं बघून हसू आवरलं. ‘‘मिस्त्री, काही जास्त झालंय का?’’

बाबांनी मान हलवली. होही नाही, नाहीही नाही. मग त्यांनी टॉर्च उचलला आणि पहिल्यांदाच, गाडी मुकी झाल्यापासून पहिल्यांदाच, स्वतः बॉनेटमध्ये वाकले. आत बराच वेळ प्रकाश फिरत राहिला, मग झाकणावर एका जागी थांबला. बारकी बघत होती. बाबा हललेच नाहीत. त्यांनी एक बोट पुढे करून झाकणाच्या बोल्टला लावलं, मग दुसऱ्याला लावलं. टॉर्च विझवला.

ते मोरीवर गेले आणि हात धुऊ लागले. नुसते हात नाही. कोपरापर्यंत साबण लावून, नखं घासून, दिवसाचं काम संपल्यावर धुतात तसे. बेकरीवाली बारकीकडे बघायला लागली. बारकीला वाटलं, बाबांना बेल्टची चूक दिसली असावी. पण बेल्टमध्ये चूक नव्हतीच तर दिसणार कशी? आणि झाकण न काढता बेल्ट दिसतो तरी कुठे? तिचं डोकंच चालेना.

हात पुसून बाबांनी आपले पाने गोळा केले. एकेक फडक्याने पुसत पेटीत ठेवायला लागले.

‘‘बाबा, हे काय करताय?’’

‘‘दादा येईल आता.’’

‘‘येऊ दे ना! अजून बघतेय मी.’’

‘‘बघून झालं माझं.’’

आवाजात राग नव्हता. राग असता तर बारकीने सोसला असता हो, त्या आवाजात काहीच नव्हतं. ती गाडीपाशी जायची, पेटीपाशी यायची, बाबांच्या हातातला पाना काढून घ्यायची, बाबा तो शांतपणे परत घ्यायचे.

दादा आला. ऑफिसातून सरळ आला होता, बॅग खांद्यालाच. पुसलेले पाने बघून दारातच उभा राहिला. सांगते ऐका, दादा वाईट माणूस नव्हता. पैज जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर शोधूनही सापडला नसता. उलट लहान मुलासारखा ओठ हलला त्याचा.

‘‘झालं,’’ बाबा म्हणाले. ‘‘चूक माझी आहे. ठरल्याप्रमाणे करू.’’

‘‘काय चुकलं, बाबा?’’

‘‘ते कळून आता काय करायचंय?’’

‘‘झालं बिलं काही नाही!’’ बारकी एकदम ओरडली. बेकरीवाली दचकून मागे सरकली. ‘‘गाडी अजून उभी आहे इथे. मी हात लावू का आता? संपली ना तुमची पैज? मग लावू का?’’

‘‘लाव,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता तुझंच आहे सगळं.’’

बारकी बॉनेटवर जवळजवळ पडलीच. दुपारपासून जिथे जायला तिचे पाय वळत नव्हते तिथेच सरळ हात घातला. सेन्सर. सेन्सरच्या वायरचा कपलर, म्हणजे सेन्सरमध्ये दाबून बसवायचं तिचं टोक. वरून बघितलं तर तो जागच्या जागी होता, छान बसलेला दिसत होता. तिने अंगठ्याने दाबला.

टक्.

तो पुरता बसलेलाच नव्हता. अर्धा आत, अर्धा बाहेर. बारकीचा अंगठा तिथेच राहिला. झाकण काढायचं तर आधी हा कपलर काढावाच लागतो. दुपारी तिने काढला होता. लावलाही होता, पण टक् असा आवाज ऐकला होता का? खाट करकरल्याचं आठवत होतं. टक् आठवत नव्हतं. का तो आधीपासूनच, बाबांच्याच हातून अर्धा राहिला होता? तिने डोळे मिटले, डोकं ताणलं. छे! काही केल्या आठवेना. दुपारची गोष्ट, आणि तिला चाळिशीत आठवेना!

तिने टॉर्च मागितला. प्रकाशात दिसलं ते असं. कपलरवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ होती, काडीने ओढलेली. अर्धी कपलरवर, अर्धी सेन्सरवर. आता टक् बसल्यावर दोन्ही तुकडे मिळून रेघ सरळ एक झाली होती. म्हणजे ज्याने ती ओढली त्याने कपलर आधी पुरता बसवला होता आणि मगच ओढली होती. बारकीने टॉर्च झाकणावर नेला. प्रत्येक बोल्टवर तशीच रेघ, अर्धी बोल्टवर, अर्धी झाकणावर. पण इथे तुकडे जुळत नव्हते. कुठे बोल्ट थोडा पुढे गेलेला, कुठे मागे. ते बोल्ट कुणीतरी सोडून पुन्हा आवळले होते.

तिला सगळं उमगलं. त्या टॅक्सीच्या नटानंतर बाबांनी ही रीत काढली होती. कुणाला न सांगता. आवळलं की रेघ ओढायची, म्हणजे डोक्यावर विसंबायला नको, डोळ्यांनी दिसतं. दुपारी आतल्या एका नटावरही तिने असंच काहीतरी पांढरं, एक रेघ आणि शेजारी पुसट डाग, पाहिलं होतं; नव्या पार्टवर कंपनीची खूण असते, तीच असेल समजून सोडून दिलं होतं. आणि बाहेरच्या बोल्टकडे बघायला चोराला वेळ कुठला?

‘‘मारा सेल्फ,’’ ती म्हणाली.

दादानेच वाकून चावी फिरवली. घुर्र, आणि इंजिन पकडलं. पहिल्याच फटक्याला. गोड, एकसारखं चालायला लागलं, कुठे खडखड नाही, थरथर नाही. बेकरीवालीने टाळी वाजवली. ‘‘बाई गं, कमाल केलीस! आता माझ्या गुडघ्यांवर पण जरा हात फिरव.’’

दादाने गाडी बंद केली. ‘‘काय होतं, बारके?’’

‘‘सेन्सरचा कपलर अर्धा बसला होता.’’

‘‘राहिला माझ्याकडून,’’ बाबा म्हणाले आणि पेटीचं झाकण लावलं.

खरं सांगायचं तर बारकीला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. शब्द मोडल्याचं पाप तिच्या पोटात राहिलं असतं, बाबा खोलीत सुखरूप राहिले असते, दादाला झोप लागली असती. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आलंच नाही असं कशाला म्हणू? पण बाबांनी पेटीची कडी लावली आणि तिला ते बघवलं नाही.

‘‘तुमच्याकडून नाही. माझ्याकडून. दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी झाकण उघडलं.’’

दादा पुढे आला.

‘‘खुणा बघायला उघडलं. सगळं बरोबर होतं, बाबा. लावताना घाई केली. कपलर माझ्या हातून राहिला.’’

दादाने मोठा उसासा टाकला. ‘‘पुरे, बारके. त्यांना वाचवायला खोटं बोलू नकोस. तुझी माया कळते मला. पण असं करून उद्या कुणाचा जीव जाईल.’’

‘‘खोटं नाही बोलत!’’

‘‘तू शब्द दिला होतास. तू शब्द मोडत नाहीस, मला माहीत नाही का तू?’’

घ्या! आयुष्यभर खरं वागल्याचं हे फळ. बारकी बाबांकडे वळली. बाबा तरी ऐकतील. पण बाबा तिच्याकडे केविलवाणेपणाने बघत होते.

‘‘बारके,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस. मी बघितलंय. मी रेघा ओढल्या होत्या. सगळ्या सरकल्यात. म्हणजे मी सगळं लावलं, रेघा ओढल्या, आणि नंतर परत उघडलं. कधी उघडलं, कशाला उघडलं, काही आठवत नाही मला. एक नट विसरणं निराळं गं. पण अख्खं काम केलेलं आठवू नये?’’ त्यांचा आवाज फाटला. ‘‘मग मी गॅरेजात काय, रस्त्यावरसुद्धा फिरू नये.’’

बारकीला आता कळलं, बॉनेटमध्ये वाकल्यापासून बाबा मनाने कुठे जाऊन आले होते. सरकलेल्या रेघा बघून त्यांना स्वतःचं डोकं गेलं असं वाटलं. धाकटीने उघडलं असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्याबद्दल शंका घेण्यापेक्षा त्यांनी स्वतःला वेडा ठरवलं. तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

‘‘आत बेल्ट ताणणाऱ्या टेन्शनरचा नट आहे,’’ ती म्हणाली. बोलता बोलता रडत होती, पण बोलत होती. ‘‘त्याच्यावर दोन रेघा आहेत. एक सरळ, चांगली. तिच्या शेजारी दुसरी, बोटाने पुसलेली, डाग राहिलाय. आणि नटाखाली इंजिनाच्या अंगावर पेंटचा एक थेंब गळलाय. झाकण लावल्यावर हे बाहेरून दिसत नाही. मी सांगतेय ते कुठून सांगतेय, बाबा?’’

बाबा उठले. त्यांचे ओठ हलत होते. ‘‘पहिली रेघ ओढली,’’ ते म्हणाले, ‘‘आणि मला शंका आली, आवळलाय का नीट. म्हणून सैल करून परत आवळला. ती पुसली, नवीन ओढली. कुणाला सांगितलं नव्हतं मी.’’ मग दादाकडे वळून, ‘‘हिला नाही सांगितलं. दुपारी जेवताना बोललोच नाही काही.’’

दादा बॅग खाली ठेवून गाडीच्या कडेला टेकला.

‘‘तू उघडलंस,’’ बाबा म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘नक्की तू?’’

‘‘मी, बाबा.’’

‘‘मी नाही?’’

‘‘तुम्ही नाही.’’

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. बेकरीवाली पुढे झाली, तिला वाटलं म्हातारा रडतोय. पण हात खाली आले तेव्हा बाबांचे डोळे लालबुंद होते आणि ते रडणं नव्हतं.

‘‘हरामखोर!’’ गॅरेजचा पत्रा हलला. ‘‘माझं काम उघडतेस? मी झोपल्यावर? चोरून? आणि वर कपलर अर्धा ठेवतेस! हे शिकवलं मी तुला? लोक काय म्हणतील, हिला कपलर लावता येत नाही! आणि मी व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह करत मरत होतो इथे! तुला ठाऊक होतं बेल्ट बरोबर आहे. होतं ना ठाऊक?’’

‘‘होतं.’’

‘‘आणि बघत उभी राहिलीस.’’

‘‘उभी राहिले.’’

यावर मात्र बाबांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ते धापा टाकत उभे राहिले. शिव्या खाताना बारकीला बरं वाटलं होतं. ही पाठ सोसवेना.

बेकरीवालीने हळूच आपली चावी घेतली. ‘‘येते गं,’’ म्हणाली आणि गाडी सुरू करून निघून गेली. जाताना तिने चक्क एकही विनोद केला नाही.

दादा घसा खाकरून म्हणाला, ‘‘मग... खोलीचं कसं करायचं, बाबा?’’

‘‘विसरतो मी,’’ बाबा म्हणाले. ‘‘ते काही खोटं नाही. उद्या आणखी विसरेन. म्हणून तर रेघा ओढतो. पण जे मी केलंच नाही ते माझ्या माथी मारू नका.’’ मग अंगातला कामाचा कोट झटकला. ‘‘आज झोपायला येतो तुझ्याकडे. हिच्या हातचं जेवण आज माझ्या घशाखाली उतरणार नाही. सकाळी लवकर आणून सोड मला. शटर उघडायच्या आत.’’

‘‘सकाळी?’’ दादाने विचारलं.

‘‘का? पैज कुणी जिंकली?’’

दादाने वाद घातला नाही. तो गाडी काढायला गेला. बाबांनी पाने पेटीतून काढून फळीवर परत मांडले, जागच्या जागी, आणि दाराकडे निघाले. बारकीकडे बघितलं नाही.

‘‘बाबा, उद्या तुमच्यासाठी कुठलं काम काढून ठेवू?’’

बाबा दारात थांबले. पाठ तिच्याकडेच होती.

‘‘असेल ते. आणि बघायचं असेल तर माझ्यासमोर उभी राहून बघ. मी नाही म्हणणार नाही.’’

ते गेले. बारकी स्टुलावर बसून हमसाहमशी रडली. बाबा उद्या येणार होते याचा आनंद होता, आणि आज रात्री ते घरी जेवणार नव्हते याचं दुःख होतं, आणि दोन्ही एकदमच बाहेर येत होतं. पोटभर रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं, शटर ओढलं आणि एकटीच घरी गेली.